मराठी संकेतस्थळांच्या चालकांस: स्थलांतराची स्क्रिप्ट खुली करा

प्रति,
मराठी संकेतस्थळांचे चालक, संपादक मंडळं आणि समूहांचे ॲडमिन यांस,



५ जानेवारी २०२५ रोजी द्रुपल ७ या सॉफ्टवेअरचा अधिकृत आधार संपला. त्या दिवसानंतर त्यातली सुरक्षेची भोकं बुजवण्याची जबाबदारी मूळ प्रकल्पाने सोडली. बातमी तंत्रज्ञांपुरती राहिली, पण मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांशी तिचा जवळचा संबंध आहे. मायबोली, मनोगत, मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरे ही संकेतस्थळं द्रुपलच्याच कुठल्या ना कुठल्या आवृत्तीवर उभी राहिली. याच ठिकाणी मराठी माणसांनी रात्र रात्र जागून शुद्धलेखनावर वाद घातले, उकडीच्या मोदकांची प्रमाणं एकमेकांना दिली, किल्ल्यांच्या वाटा सांगितल्या, कथा क्रमशः लिहिल्या आणि त्यातल्या काही अर्धवट सोडल्या. सॉफ्टवेअरचं आयुष्य मात्र दहा-पंधरा वर्षांचंच असतं. त्यामुळे अशा प्रत्येक समुदायाला कधी ना कधी सामानसुमान घेऊन दुसऱ्या जागी जावं लागतं.

हे पत्र त्या जाण्याविषयी आहे. जाताना जी स्क्रिप्ट लिहिली जाते ती ओपन सोर्स करावी, म्हणजे कोणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येईल अशी खुली ठेवावी, एवढीच यातली विनंती आहे.

स्थलांतराची स्क्रिप्ट हा बहुधा काही शे ओळींचा प्रोग्राम असतो. जुन्या डेटाबेसमधून ती एकेक सदस्य, एकेक धागा, एकेक प्रतिसाद उचलते, नव्या सॉफ्टवेअरच्या साच्यात बसवते आणि कुठून काय उचललं याची नोंद ठेवते. ती लिहिणारा बहुतेक वेळा समुदायातलाच कोणीतरी असतो, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बसणारा. स्थलांतर पार पडलं की सगळे नव्या जागेचं कौतुक करतात, नावं ठेवतात आणि महिन्याभरात सरावतात. स्क्रिप्ट मात्र त्याच्या लॅपटॉपवर पडून राहते आणि लॅपटॉप बदलला की जाते. दोन वर्षांनी दुसरा मराठी समुदाय त्याच वाटेला लागतो तेव्हा त्याची पाटी कोरीच असते.

जगात याहून चांगली उदाहरणं आहेत, आणि वाईटही पुष्कळ आहेत. आधी वाईट.

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेलं गूगलचं ऑर्कुट हे समाजमाध्यम भारतात आणि ब्राझीलमध्ये अफाट चाललं. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. सार्वजनिक कम्युनिटींचा संग्रह गूगलने काही काळ वाचनापुरता ठेवला होता, २०१७ मध्ये तोही काढून टाकला. शाळा-कॉलेजांच्या, गावांच्या, नाटकांच्या, आडनावांच्या नावाने उघडलेल्या कम्युनिटींमधलं मराठी त्याबरोबर गेलं.

याहू ग्रुप्सचं जाणं अधिक शिकवणारं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २८ ऑक्टोबरपासून नवा मजकूर चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरला जुना पुसला जाईल. म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. ओरड झाल्यावर माहिती मागण्याची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली गेली, आणि १५ डिसेंबर २०२० रोजी उरलेली सेवाही बंद झाली. माजी विद्यार्थ्यांचे, ट्रेकर्सचे, परदेशी मंडळांचे ग्रुप तिथे वर्षानुवर्षं चालले होते. ज्यांचा ॲडमिन जागा होता आणि ज्याला आपला पासवर्ड आठवत होता, त्यांना ग्रुप्स.आयओसारख्या ठिकाणी सगळं उचलून नेता आलं. ग्रुप्स.आयओ उभारणारे मार्क फ्लेचर यांनीच नव्वदच्या दशकात वनलिस्ट ही सेवा काढली होती, आणि पुढे ती इतरांत विलीन होत याहू ग्रुप्सचा भाग झाली होती. आपल्याच जुन्या घरातल्या लोकांसाठी त्यांनी दार उघडं ठेवलं. पण ज्या ग्रुपचा मालक केव्हाच दुसऱ्या ईमेलवर गेला होता, त्या ग्रुपचं दार आतून बंद होतं.

त्याआधीचा काळ तर नशिबानेच वाचला. नव्वदच्या दशकात अमेरिकेतली मराठी मंडळी यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरच्या ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात रोमन लिपीत मराठी लिहीत. यूजनेटचा १९८१ ते १९९१ हा काळ आज वाचता येतो, कारण टोरंटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी तो चुंबकीय फितींवर उतरवून ठेवला होता. १९९५ पासूनचा मजकूर डेजान्यूज या कंपनीने साठवला, २००१ मध्ये गूगलने तो संग्रह विकत घेतला, आणि २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवर यूजनेटचा नवा मजकूर येणं थांबलं. एका भाषेच्या तीन दशकांच्या बोलण्याचा सांभाळ असा एकेका माणसाच्या आणि एकेका कंपनीच्या मर्जीवर टांगलेला राहिला. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठी पानांचा वेगळा हिशेब काढला तर तो याहून सुखाचा निघेल, असं मानायला काही कारण नाही.

आता चांगलं उदाहरण. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी गूगलने गूगल प्लस हे आपलं समाजमाध्यम बंद करण्याचं जाहीर केलं. आधी मुदत ऑगस्ट २०१९ ची होती. डिसेंबरमध्ये दुसरा सुरक्षादोष सापडला आणि ती एप्रिलवर आली. २ एप्रिल २०१९ पासून सेवा बंद झाली. तिथे थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटर घरी बांधणाऱ्या हौशी लोकांचे समूह होते. कुठली मोटर कुठल्या बोर्डावर चालते, कुठला पट्टा तुटतो, अशी हाताने कमावलेली माहिती त्यांच्या धाग्यांत साठलेली होती. त्यांच्यातल्या लोकांनी गूगल प्लसमधून मजकूर बाहेर काढणाऱ्या एका साधनाची निर्यात फाइल घेतली आणि ती डिस्कोर्स या चर्चामंचाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवणारी स्क्रिप्ट लिहिली. आपलं काम झाल्यावर ती स्क्रिप्ट त्यांनी डिस्कोर्सच्याच मूळ कोडमध्ये सगळ्यांसाठी जमा केली. ‘फ्रेंड्समीजीप्लस’ या नावाने ती फाइल तिथे दाखल आहे.

ती उघडून वाचण्यासारखी आहे. लिहिणाऱ्याने केवळ मजकूर हलवण्याचा विचार केलेला नाही. प्रत्येक जुन्या लेखकाचा गूगल क्रमांक तिने नव्या खात्याशी जोडून ठेवला आहे, त्यामुळे तो माणूस उद्या गूगलच्या लॉगिनने आत आला की त्याचं जुनं लेखन त्याच्या नावावर आपोआप हजर होतं. ज्यांना आपलं लिहिलेलं नव्या जागी न्यायचं नाही, त्यांची वेगळी यादी देता येते आणि स्क्रिप्ट त्यांना वगळते. प्रत्यक्ष काही न हलवता नुसती रंगीत तालीम करून पाहायची सोय आहे. हा सगळा विचार एकदा झाला, लिहिला गेला आणि उघडा ठेवला गेला. गूगल प्लस आता नाही, तेव्हा ही फाइल जशीच्या तशी कोणाच्या कामाला येणार नाही. पण पुढची स्क्रिप्ट लिहिणारा ती वाचून लिहितो.

डिस्कोर्सच्या त्या फोल्डरमध्ये अशा कित्येक स्क्रिप्ट शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत: पीएचपीबीबीसाठी, व्हीबुलेटिनसाठी, याहू ग्रुपसाठी, गूगल ग्रुप्ससाठी आणि द्रुपलसाठीही. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक सामाईक फाइल आहे आणि तिच्यात अनेक समुदायांच्या ठेचा जमा झालेल्या दिसतात. आयात चालू असताना ईमेल पाठवणं बंद केलं जातं, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक प्रतिसादाची सूचना सदस्यांच्या पेटीत कोसळेल. प्रतिसादाची किमान लांबी १ अक्षरावर आणली जाते, म्हणून ‘वा!’ आणि ‘+१’ वाचतात. एकाच मथळ्याचे दोन धागे चालवून घेतले जातात. प्रत्येक गोष्टीचा जुना क्रमांक जपला जातो, त्यामुळे स्क्रिप्ट मध्येच अडली तरी पुन्हा चालवल्यावर झालेलं वगळून उरलेलं उचलते. चालकाच्या दृष्टीने ही सोय सोन्यासारखी आहे. महिनाभर आधी सगळं हलवून ठेवायचं, सदस्यांना तपासायला लावायचं आणि शेवटच्या रात्री फक्त मधल्या काळातलं नवं लेखन आणायचं. स्थळ बंद राहतं ते काही तासांपुरतं.

द्रुपलच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक बारकावा आहे. द्रुपलमध्ये लेखाला क्रमांक असतो आणि प्रतिसादालाही, आणि ५१२ क्रमांकाचा लेख आणि ५१२ क्रमांकाचा प्रतिसाद एकाच वेळी असू शकतात. म्हणून स्क्रिप्ट एकापुढे ‘एनआयडी’ आणि दुसऱ्यापुढे ‘सीआयडी’ लावून नोंद करते. प्रतिसादाला दिलेल्या उपप्रतिसादाचा बापही त्याच नोंदीवरून शोधला जातो. हे न केलेल्या स्थलांतरात सगळे प्रतिसाद एका रांगेत येतात आणि ‘वरील प्रतिसादाशी सहमत’ असं लिहिणारा नेमका कोणाशी सहमत होता ते कायमचं हरवतं. मराठी संकेतस्थळांवरच्या शतकी धाग्यांची मजाच मुळी त्या फांद्यांमध्ये असते.

इथपर्यंतचं काम जगाने करून ठेवलं आहे. मराठीचं घोडं अडतं ते यापुढे, आणि तिथे बाहेरचा कोणी मदतीला येणार नाही.

जुन्या फॉन्टचंच घ्या. मायबोली सुरू झाली १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीला. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा तेव्हा मिळालेली होती, पण घराघरांतल्या संगणकांवर ती पोचलेली नव्हती. लोक शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकचे फॉन्ट वापरत. अशा फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरांची रास असतो. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर नुसता गोंधळ. तो युनिकोडमध्ये आणायचा तर अक्षरागणिक तक्ता लागतो, आणि तक्ताही पुरत नाही, कारण क्रम उलटा असतो. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये दिसते तशी आधी टंकली जाते. युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षर संपल्यावर यायला हवी, म्हणजे स्क्रिप्टने ती उचलून ‘स्थ’ ओलांडून पलीकडे ठेवली पाहिजे. रफाराचं याच्या उलट. ‘कीर्ती’तला रफार हाताने शेवटी दिला जातो, पण युनिकोडमध्ये तो ‘त’च्या आधी येतो. कुठल्या फॉन्टमध्ये कुठल्या कळीवर काय आहे, हे ज्यांनी ते फॉन्ट रोज वापरले त्यांनाच तोंडपाठ आहे. ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत.

युनिकोड आल्यावर तरी सगळं सरळ झालं का? ‘दुसऱ्या’ हा शब्द मराठी संकेतस्थळांच्या डेटाबेसमध्ये तीन प्रकारांनी साठवलेला सापडू शकतो. एका प्रकारात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याला नुक्ता, मग हलन्त. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडवर्ण. पडद्यावर हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणित नियमाने पहिले दोन एक होतात, तिसरा त्या नियमात बसत नाही.

खरा धोका पुढे आहे. मजकूर साफ करणारी अनेक साधनं अदृश्य वर्णांना कचरा समजून काढून टाकतात. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत तिसऱ्या प्रकारचा तो जोडवर्ण काढला की अर्धा ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ एका झटक्यात ‘दर्या’ होतात. लग्नातल्या ‘आचाऱ्याला’ दिलेला निरोप ‘आचार्याला’ जातो. हजारो धाग्यांमध्ये हे घडतं, आणि कोणतंही साधन त्याला चूक म्हणत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. एखाद्या समुदायाला हे कळतं ते स्थलांतरानंतर सहा महिन्यांनी, कोणी जुना ट्रेकवृत्तान्त वाचायला घेतल्यावर. तोवर मूळ डेटाबेस पुसलेला असण्याचीच शक्यता जास्त. यावरचा उपाय तीन-चार ओळींचा आहे: अदृश्य वर्ण काढण्याआधी ‘र’ आणि हलन्तामागचा जोडवर्ण शोधून तिथे ‘ऱ’ ठेवायचा. पण त्या तीन-चार ओळी कुठेतरी सगळ्यांना दिसतील अशा लिहिलेल्या हव्यात.

‘ॲ’चीही अशीच कथा आहे. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीसाठी ते स्वतंत्र अक्षर आलं. त्याआधी, आणि कीबोर्डांवर ते पोचेपर्यंत नंतरही, लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. हे दोन प्रकार प्रमाणित नियमाने एक होत नाहीत. आज ‘ॲसिडिटी’ शोधणाऱ्याला २००७ चा घरगुती उपायांचा धागा सापडणार नाही, तो तिथे असूनही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगता येतील. जुन्या मायएसक्यूएलमध्ये चुकीच्या संकेतनाने साठवलेला मजकूर बाहेर काढला की प्रत्येक मराठी वर्णाच्या जागी तीन विचित्र रोमन अक्षरं-चिन्हं उमटतात, आणि ती ओळखून उलटी फिरवावी लागतात. डिस्कोर्समध्ये देवनागरी सदस्यनामांसाठी वेगळं सेटिंग आहे आणि ते मुळात बंद असतं. ते न उघडता आयात केली तर वीस वर्षांची ओळख असलेले आयडी नावानिशी येत नाहीत. अमेरिकेतल्या सर्व्हरवर पूर्व किनाऱ्याच्या वेळेत नोंदलेले प्रतिसाद तसेच भारतीय वेळ म्हणून उचलले तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक पडतो आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिसतात. पासवर्ड बदलण्याची ईमेल ज्या पत्त्यावर जाणार तो पत्ता व्हीएसएनएलचा किंवा कधीच सोडलेल्या कंपनीचा असतो. मग त्या माणसाने ‘तो आयडी माझाच’ हे सिद्ध कसं करायचं, याची रीत आधी ठरवावी लागते.

फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या समूहांची अवस्था याहून नाजूक आहे, म्हणून त्यांच्या ॲडमिनांचं नावही या पत्राच्या मायन्यात आहे. फेसबुकच्या ग्रुप ॲडमिनला संपूर्ण ग्रुप उतरवून घेण्याचं बटण नाही. बाहेरच्या साधनांना ग्रुपशी बोलू देणारी सोयही मेटाने एप्रिल २०२४ मध्ये काढून घेतली. आपापल्या खात्याची माहिती प्रत्येकाला मिळते, पण तिच्या जेसन फाइलमध्ये मराठी अक्षर तीन-तीन तुकडे होऊन येतं. ते जोडायला दोन ओळी पुरतात, आणि त्या दोन ओळी जगभर किती भाषांतल्या किती लोकांनी पुन्हा पुन्हा शोधल्या असतील याची गणती नाही. व्हॉट्सॲपमधून निर्यात होते, पण व्हॉट्सॲपच्याच मदतपानानुसार चित्रांशिवाय ४०,००० आणि चित्रांसह १०,००० संदेशांपर्यंतच. त्यातली तारीख ज्याच्या फोनवरून निर्यात केली त्याच्या सेटिंगप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे नुसत्या त्या ओळीवरून ठरत नाही. वाड्यावस्त्यांचा इतिहास, पिकांवरचे रोग, जुन्या नाट्यपदांच्या चाली असं कितीतरी आज अशाच समूहांत साठतं आहे.

कायद्याकडून फार आशा नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरच्या कलम २० ने आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात घेऊन दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला. भारतात २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात तसा हक्क होता. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. जे आपलं आपण करता येईल तेवढंच हातात आहे.

काही चालकांना संकोच वाटतो तो कोड उघडा करण्याचा. कोड घाईत लिहिलेला असतो, मध्येच कुठेतरी तात्पुरतं ठिगळ लावलेलं असतं. ते तसंच राहू द्यावं. ‘या फॉन्टमधला अर्धा श नीट येत नाही’ अशी एक ओळ शेजारी लिहिली तर पुढच्याला ती नीटनेटक्या कोडपेक्षा जास्त उपयोगी पडते. दुसरी शंका सुरक्षेची असते आणि ती रास्त आहे. पण द्रुपलची रचना आधीच जगाला माहीत आहे, तेव्हा स्क्रिप्टमुळे नवं काही उघड होत नाही. जपायचं ते डेटाबेसचा पासवर्ड, सदस्यांचे ईमेल आणि फोन नंबर यांना. यातलं काहीही कोडसोबत चुकूनही चढता कामा नये. एकदा चढून नंतर काढलं तरी गिटच्या इतिहासात ते राहतं, म्हणून कोरी सुरुवात करूनच प्रकाशित करावं. चाचणीसाठी खोटे पाच सदस्य आणि दहा धागे पुरतात, फक्त त्या दहांत ‘दऱ्या’ आणि ‘ॲसिडिटी’ हव्यात.

सोबत परवाना हवा. गिटहबवर नुसता टाकलेला कोड वाचता येतो, पण परवान्याशिवाय कायद्याने तो दुसऱ्याला वापरता येत नाही. एमआयटी किंवा जीपीएल, जो रुचेल तो एका फाइलीत ठेवला की झालं. आणि सूचना मराठीत लिहाव्यात. त्या वाचणारा मराठीच असणार आहे.

काय न्यायचं नाही, हेही स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावं लागतं, आणि इथे चालकांचं शहाणपण कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठं आहे. व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, हे दोघांमधलं बोलणं आहे, ते दोघांना न विचारता हलवू नये. मायबोलीवरच्या वाहत्या पानांसारख्या गप्पा लोकांनी त्या वाहून जाणार हे धरूनच मारल्या, त्या दगडावर कोरू नयेत. जे सदस्य आता हयात नाहीत त्यांचे आयडी नावानिशी न्यावेत, त्यांच्या लेखनासह, आणि लॉगिनसाठी बंद करावेत, म्हणजे उद्या कोणी ते नाव घेऊन वावरणार नाही. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहत्यांच्या लेखनाचा संग्रह चालवणाऱ्या संस्थेने अशी काळजी घेऊन स्थलांतर करण्याचं काम पद्धतशीर केलं आहे. बंद पडणाऱ्या छोट्या संग्रहांना त्यांच्या ‘ओपन डोअर्स’ प्रकल्पात आसरा मिळतो. तिथे आधी जुन्या चालकाची संमती घेतली जाते, मग लेखकांना कळवलं जातं, आणि लेखकाला आपलं लेखन ताब्यात घ्यायचं, निनावी करायचं की काढून टाकायचं हे ठरवता येतं. मराठी समुदायांना ही रीत जशीच्या तशी उचलायला हरकत नाही.

जुनं ते जागच्या जागी ठेवण्याचा मार्गही आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. मायबोली द्रुपलवर गेली तेव्हा ‘हितगुज’ हा जुना चर्चाविभाग तिने पुसला नाही, वाचण्यासाठी राहू दिला. ज्यांना सगळं हलवणं परवडत नाही त्यांनी निदान हे करावं. नव्या जागी गेल्यावर जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे वाट काढून द्यावी, नाहीतर दुसऱ्यांनी आपल्या लेखांत दिलेल्या शेकडो लिंका एका रात्रीत मरतात. क्रमांकांची जुनी-नवी जोडी स्क्रिप्टने जपलेलीच असते, तिच्यावरून ही वाट अर्ध्या दिवसात निघते.

सुरुवात फॉन्टच्या तक्त्यांपासून व्हावी, असं सुचवावंसं वाटतं. पूर्ण स्क्रिप्ट नंतर येऊ दे. ज्या ज्या संकेतस्थळाने कधी शिवाजी, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, त्याच्याकडे तो तक्ता कुठल्या तरी फोल्डरमध्ये आहे. तो एका साध्या फाइलीत, परवान्यासह, सार्वजनिक ठिकाणी ठेवावा. त्याच्या शेजारी ‘ऱ’च्या तीन प्रकारांच्या आणि ‘ॲ’च्या दोन प्रकारांच्या त्या चार ओळी ठेवाव्यात. आपल्या सदस्यांमध्ये ज्यांनी नव्वदच्या दशकात या फॉन्टवर रोज टंकलं त्यांना एक धागा काढून हाक द्यावी आणि त्यांच्याकडून तक्ते तपासून घ्यावेत. अशा धाग्यावर प्रतिसाद द्यायला ती मंडळी धावून येतील. मग जो समुदाय पुढे निघेल त्याने त्यात आपल्या सॉफ्टवेअरचा भाग घालावा आणि परत जमा करावा.



मराठी संकेतस्थळांचा एक वाचक